घरात बार

‘घरी एक बार करून घ्यायचाय,’ असं मी सुताराला फोनवर सांगितलं आणि सेहेचाळीस वर्षं जपलेल्या अब्रूचा भुसा झाला.

चंद्रपुरात हा शब्द जपून उच्चारावा. २०१५ ते २०२१ जिल्ह्यात दारूबंदी होती. त्या सहा वर्षांत लोकांचे कान असे तयार झाले की, कुणी ‘बारशाला या’ म्हटलं तरी पहिली दोन अक्षरं ऐकूनच चार जण चपला शोधायचे. बंदी उठली, कान तसेच राहिले. त्यात आमचा सुतार गडचिरोलीचा. तिथं १९९३पासून बंदी. तो टेप घेऊन हजर. ‘किती बाटल्यांचा करू जी?’

मी त्याला बॅले समजावला. चौदाव्या लुईनं १६६१ साली पॅरिसला नृत्याची अकादमी काढली, तेव्हापासून बॅलेची भाषा फ्रेंच. सरावाला धरायच्या आडव्या दांड्याला त्या भाषेत बार म्हणतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मंग दांडा म्हणा ना.’

तयार दांडे मिळतात. ॲल्युमिनियमचे, कमी-जास्त उंचीचे, एका हातानं उचलता येणारे. पण ज्या बल्लारशाचं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, त्याच्या शेजारी राहून मी ॲल्युमिनियम धरू? शिवाय खरं कारण वेगळंच. दांड्यावर बोटं नुसती टेकवायची असतात, भार टाकायचा नसतो. मी टाकतो. हलका दांडा माझ्यासकट आडवा झाला असता.

सुतारानं सागवानी दांडा घडवला आणि त्याला जुन्या पलंगाचे पाय लावले. आता तो हलवायला दोन माणसं लागतात.

मी पडदे ओढून सराव करतो. मोबाइलमधली बाई गुडघे वाकवते, मी कण्हतो. एकदा धानोऱ्याकडच्या मावशी झाडू घेऊन आत आल्या नि थबकल्या.

‘हे काय करून राहिले, सर?’

‘नाच.’

‘एकटेच?’

त्यांच्या गावच्या रेला नाचात बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचतात. दांडा लागतच नाही. त्या हसल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. कुणी पाहू नये म्हणून मी पडदे ओढले होते, आणि आता कुणीच पाहत नाही याचा राग येत होता. एवढ्या वर्षांत कुणाच्या कमरेत हात घालून नाचलो, ते आठवेना. वरातीत मी बँडवाल्यांचे पैसे सांभाळतो.

‘खालून झाडू माराचा आहे. तिकडून धरा.’

दोन टोकं दोघांनी उचलली. खिडकीपाशी जायचं होतं. मावशी दोन पावलं पुढं गेल्या, एक मागं आल्या, पुन्हा दोन पुढं. दांडा ओढला जात होता, मग मीही तसाच.

‘डावा आधी, सर.’

खिडकी आली. आम्ही दांडा खाली ठेवला नाही.