पाचशे रुपयांत कपाटाचा कायापालट : नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या

कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात आणि तरीही घालायला काही नसतं, अशी तुमची अवस्था असेल तर अभिनंदन. तुम्ही योग्य वर्गात आला आहात. पगार वाढायचा तेव्हा वाढेल, पण शर्टाची कॉलर काही त्याच्यासाठी थांबत नाही. ती विरते. तुमचं दुःख मला समजतं. एकाच निळ्या शर्टावर मी तीन साहेबांचे निरोपसमारंभ केले आहेत, तेव्हा माझ्या अधिकाराबद्दल शंका घेऊ नका.

साहित्य : रोख पाचशे रुपये, सुई-दोरा, कात्री, सुट्या बटणांनी भरलेला बिस्किटांचा डबा आणि पलंगाखालच्या ट्रंकेची किल्ली. किल्ली फक्त जवळ बाळगायची आहे. वापरायची नाही.

१. मोजदाद करा

सगळे कपडे पलंगावर ओता. हे काम रविवारी दुपारी, घरच्यांची झोपायची वेळ गाठून करा. पलंग अडल्यामुळे आरडाओरडा होतो आणि निर्णय भराभर होतात. आता तीन ढीग करा : ‘बाहेर घालायचे’, ‘घरात घालायचे’ आणि ‘बारीक झाल्यावर घालायचे’. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा निघेल. तो आहे तसा परत कपाटात कोंबा. आशा फुकट असते, आणि आपल्या बजेटात फुकटचं काही टाकून देता येत नाही.

दुसऱ्या ढिगात एक टी-शर्ट असेल. त्याच्या पाठीवर सिमेंटची, बँकेची किंवा पडलेल्या उमेदवाराची जाहिरात असेल. तो हाताशी ठेवा. पाहुणे अचानक येतात तेव्हा तुमच्या अंगात नेमका तोच असतो.

ट्रंकेतले कपडे मोजायचे नाहीत. ते ठेवणीतले आहेत. लग्नातली जरीची साडी, खोक्यातून कधीच न निघालेला कुर्ता, भाच्याने परदेशातून आणलेला शर्ट. हे सगळं चांगल्या प्रसंगासाठी आहे. चांगला प्रसंग म्हणजे कोणता, असं नवशिके नेहमी विचारतात. लग्नात म्हणाल तर मठ्ठा सांडतो. बारशात बाळ खांद्यावर ओकतं. मुंजीत उकडतं, पावसाळ्यात चिखल असतो, आणि ऑफिसला घालून जावं इतकं ऑफिस चांगलं नाही. तात्पर्य, चांगला प्रसंग अजून यायचा आहे. तोवर झाकण बंद.

२. विटलेल्या रंगाला नवं नाव द्या

नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांचे कपडे घालायची चाल कुठल्या पोथीत सापडायची नाही. ती साधारण वीस वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाच्या पानांतून निघाली आणि लोकलच्या डब्यांत, बँकांच्या काउंटरांमागे रुजली. यातले बरेचसे रंग वारावर ठरतात : सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा, शनिवारी करडा. कपाट नवं असलेल्यांची यात फार धावपळ होते. तुमची होणार नाही. तुमचा पांढरा सदरा सोमवारी समोरून पांढरा असतो आणि गुरुवारी हात वर केले की काखेत पिवळा असतो. काळी पँट धुऊन धुऊन कधीच शनिवारात जाऊन पोचली आहे.

पिवळेपणा फारच डोळ्यांवर येत असेल तर नीळ आणा. खर्च २५ रुपये. बाटलीवर चार थेंब घालायला सांगितलेलं असतं. पैसे पूर्ण दिले आहेत म्हणून तुम्ही आठ घालाल. सदरा आकाशी होईल. घाबरू नका, हा तुमचा नवा सदरा. मोजदादीत एकाची भर घाला.

३. शिंप्याची मनधरणी करा

विरलेली कॉलर उसवून उलटी लावता येते. आतली कोरी बाजू वर येते आणि शर्टाला दुसरा जन्म मिळतो. ही विद्या आपल्या आजोबांच्या पिढीत प्रत्येक शिंप्याला येत होती. आजही येते, पण तो कबूल करत नाही. तुम्ही पिशवी काढलीत की तो आधी तुमच्याकडे, मग पिशवीकडे आणि मग रस्त्याकडे पाहील. ‘ऑल्टरचं काम सध्या घेत नाही, सीझन आहे,’ असं म्हणेल. सीझन बारा महिने असतो. तुम्ही स्टुलावर बसा आणि उठू नका. चौथ्या फेरीला तो कॉलर ८० रुपयांत, पँटीची चेन ७० रुपयांत करून देईल.

इशारा : कॉलर नवी दिसू लागली की कफ जुने दिसतात. कफ केले की खिसा. खिसा केला की पँट. म्हणून शिंप्याकडून निघताना शर्टाकडे नीट पाहू नका.

बटण तुटलं असेल तर डब्यात त्याच्यासारखं शोधू नका, ते नसतं. शर्टाचं सगळ्यांत खालचं बटण, जे पँटीत खोचलं जातं, ते कापून वर लावा आणि खाली डब्यातलं कुठलंही टाका. पोलक्याचं, कोटाचं, लाल, चौकोनी, काहीही चालेल. सुई मोडेल. नवी सुई १० रुपये.

४. आहेराच्या मार्गाने जाऊ नका

कपाटाच्या वरच्या फळीवर सहा शर्टपीस आहेत, मग कपडे का नाहीत म्हणता, असं घरातले ज्येष्ठ विचारतील. त्यांना वयामुळे माफ करा. शर्टपीस फुकट असतो, शिलाई नसते. एका शर्टाची शिलाई विचारून पाहा, आपलं सगळं बजेट ऐकू येईल.

शिवाय शर्टपीस शिवण्यासाठी नसतोच, तो देण्यासाठी असतो. त्याची घडी मोडली की तो चलनातून बाद होतो. तेव्हा तो पुढच्या लग्नात टॉवेल-टोपीबरोबर पुढे सरकवा. कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक खूण मात्र करून ठेवा. चार-पाच वर्षांनी तोच परत आला तर ओळखीच्या माणसाला भेटल्याचं समाधान मिळतं.

५. बाजारात एकच वस्तू घ्या

आतापर्यंत १८५ रुपये गेले, ३१५ उरले. पुण्यात असाल तर तुळशीबाग किंवा डेक्कनची हाँगकाँग गल्ली, मुंबईत असाल तर फॅशन स्ट्रीट किंवा लिंकिंग रोड गाठा. जाण्यायेण्याचे आणि चहाचे ८५ बाजूला काढा. ‘५० टक्के सवलत’ या पाटीखाली मुंगीच्या अक्षरांत ‘पर्यंत’ लिहिलेलं असतं, तिथे आत शिरू नका. ‘एकच भाव’ लिहिलेलं असेल तिथे तर थांबूही नका, तिथे तुमचं कौशल्य वाया जातं.

टी-शर्ट उचला. विक्रेता ४०० म्हणेल. तुम्ही १०० म्हणा आणि चालू लागा. सात पावलांत तो हाक मारतो. नाही मारली तर आठव्या पावलाला चपलेचा अंगठा तुटल्याचं नाटक करून रेंगाळा. तरीही हाक आली नाही तर गल्लीला वळसा घालून, चष्मा काढून, दुसरंच गिऱ्हाईक म्हणून परत या. तो ओळखेल. तुम्हीही ओळखलंत हे तो ओळखेल. १८० ला सौदा होईल आणि दोघंही आपण फसलो असा चेहरा करून निरोप घ्याल. ‘एक्स्पोर्टचा माल आहे’ असं तो सांगेल. विश्वास ठेवा. एक बाही लांब निघाली म्हणजे माल एक्स्पोर्टला गेला होता आणि तिथून परत आला.

इथे थोडं अर्थशास्त्र. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे करापूर्वी २,६०० रुपयांचा शर्ट तुम्ही घेतला नाहीत, तर नुसता कराचाच ४६८ रुपयांचा फायदा झाला. असे दोन शर्ट न घेतलेत तर ९३६. हे पैसे दिसत नाहीत, पण वहीत मांडता येतात. घरी विचारलं तर वही दाखवा.

योगायोग असा की, १९२१ साली याच तारखेला, २२ सप्टेंबरला, गांधीजींनी मदुराईत सदरा कायमचा सोडून पंचा स्वीकारला. काटकसरीच्या क्षेत्रात यापुढे कोणी गेलेलं नाही. मोह झाला तरी आधी ऑफिसच्या प्रवेशद्वारावरच्या वॉचमनचं मत घ्या.

६. इस्त्री हेच खरं भांडवल

जुना कपडा आणि नवा कपडा यांत फरक फक्त घडीचा असतो. घरी तांदळाच्या पेजेची खळ करा, कपडे बुडवा, वाळवा आणि इस्त्रीवाल्याकडे द्या. दहा रुपयांप्रमाणे पाच कपडे, ५० रुपये. खळ जास्त झाली तर शर्ट हँगरशिवाय उभा राहतो. त्याला उभा राहू द्या, तुम्ही आत शिरा. बसताना कडकड आवाज येईल, तेव्हा मीटिंगमध्ये आधी जाऊन बसा आणि सगळ्यांच्या नंतर उठा. यालाच कामाची निष्ठा समजतात आणि कधीकधी त्यातून पगारही वाढतो.

टेरिकॉटची पँट इस्त्रीने बुडाशी चकाकू लागते. यावर इलाज नाही. सहकाऱ्यांकडे तोंड करून उभं राहायची सवय लावा.

आपले पाचशे रुपये इथे संपले. पुढच्या दोन्ही पायऱ्या बिनखर्ची आहेत.

७. निवृत्ती नको, पदावनती करा

आपल्याकडे कपडा मरत नाही, खालच्या पदावर बदलून जातो. बाहेरचा शर्ट घरचा होतो, घरचा झोपायचा होतो, झोपायचा रंगपंचमीचा होतो आणि रंगपंचमीनंतर तो मोटारसायकल पुसतो. बनियनची नोकरी त्याहून छोटी, ते थेट अंगावरून गाडीवर जातं. साडीची कारकीर्द मात्र मोठी. आधी तिचा ड्रेस होतो, मग उशांचे अभ्रे, मग बाळाचं दुपटं आणि सरतेशेवटी ती गोधडीत जाऊन बसते. गोधडी पांघरून झोपलेल्या माणसाच्या अंगावर सगळ्या मावशा, आत्या आणि एक वारलेली आजी असते. एवढी माणसं अंगावर असल्यावर थंडी वाजत नाही.

टीप : फडकं झालेल्या शर्टावरची बटणं आधी काढून डब्यात टाका. ती पुढे लागत नाहीत, पण डबा रिकामा दिसता कामा नये.

८. बोहारणीला बोलवा

उरलेलं गाठोडं बोहारणीपुढे ठेवा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती आली की नम्रपणे वागा, ती या विषयातली अंतिम परीक्षक आहे. ती तुमचा शर्ट दोन बोटांनी उचलून उन्हात धरेल.

‘दादा, ह्यातून पलीकडची बिल्डिंग दिसतीय.’

नीळ दिलेला सदरा, उलटी कॉलर, चकाकणारी पँट यांपैकी कशावरही ती चमचा देणार नाही. मग पाटी उचलता उचलता सहज विचारेल, ‘वहिनींची जरीची साडी नाही का एखादी?’

आता किल्ली वापरा.

ट्रंक उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, मग थोडा वेळ कोणी काही बोलणार नाही. साडी उलगडायला घ्याल तर ती घडीघडीवर विरलेली निघेल. तेवीस वर्षं त्याच घड्यांवर ठेवली की रेशीम तसंच उकलतं. कुर्ता पोटावर अडेल. भाच्याच्या शर्टाच्या कॉलरची टोकं आता कोणी ठेवत नाही इतकी लांब आहेत. एकावरही डाग नाही, उसवण नाही, एकही प्रसंग नाही.

बोहारीण मात्र खूश होईल. जर शाबूत आहे. थोडी घासाघीस करून ती तुम्हाला झाकणाचा मोठा स्टीलचा डबा देईल. एकदम नवा, तोंड दिसेल असा.

डबा घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. त्यात रोजचं पीठ भरू नका, पोचे पडतील. राहिली ट्रंक. ती आता रिकामी आहे. ‘बारीक झाल्यावर घालायचे’ तो ढीग तिच्यात बरोबर मावतो. ताज्या डांबरगोळ्या टाका, कुलूप लावा आणि किल्ली पुन्हा जवळ बाळगा.