दक्षिणा आणि पदवी
धर्मशास्त्राच्या पदवीला खर्च किती आणि पदरात काय पडतं, हा हिशोब हल्ली पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातच होतो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळता चाळता. १८२१ साली हा प्रश्नच नव्हता. इंग्रजांनी पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून जवळच्याच विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि विद्यार्थ्यांना उलट विद्यावेतन दिलं! (फी भरायचं शहाणपण नंतरचं.) त्याच पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, आज तिथे पुरातत्त्व शिकवतात. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुलेंना मात्र दक्षिणा मिळाली ती शेणामातीची. आजचा धर्मशास्त्राचा एम.ए. नोकरी शोधतो. गणेश चतुर्थीला गुरुजी शोधून सापडत नाहीत, आणि सापडले तर त्यांना पदवी कोणी विचारत नाही.