ऑर्डर न घेणाऱ्या काकू

"काकू, तुम्ही ऑर्डर का घेत नाही?"

हा प्रश्न त्यांना लिफ्टमध्ये विचारला जातो, हळदीकुंकवाला विचारला जातो, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडावरून हमरीतुमरी चालू असतानाही मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारून घेतं. काकूंचं उत्तर ठरलेलं आहे. "ऑर्डरी घ्यायला लागले, तर मग केक कधी करू?" ऐकणारा हसतो, कारण त्याला तो विनोद वाटतो. काकू हसत नाहीत.

या काकू कुणी एक नव्हेत. त्या डोंबिवलीत आहेत, सांगलीत आहेत, कोथरूडमध्ये तर इमारतीमागे एक आहेत. काहींनी 2000-01 साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा काउंटर सोडला तो कायमचा. काहींनी नोकरी कधी केलीच नाही आणि त्याची खंतही केली नाही. घर नीटनेटकं, पण त्याचा डांगोरा नाही. आयुष्यात काय मिळवलंत, असं कुणी विचारलंच तर त्या म्हणतात, "थांबा, दूध उतू जाईल," आणि आत जातात. परत येतात तेव्हा हातात बशी असते. बशीत नाचणीची बिस्किटं असतात. प्रश्न तिथेच संपतो.

काकूंचं बेकिंग हे काही यूट्यूबनंतरचं प्रकरण नाही. त्यांच्या लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचा आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची, अशी रीत होती. आपल्याच तुपाची नानकटाई आपल्याच डब्यात आली की नाही, यावर बेकरीच्या दारात घमासान चर्चा व्हायच्या. काकू तेव्हा आईचा पदर धरून उभ्या असत आणि भट्टीच्या तोंडाकडे बघत असत. बाकीची मुलं डब्याकडे बघायची.

मग आला वाळूचा जमाना. कुकरची शिट्टी काढायची, रबराची रिंग काढायची, तळाशी वाळू किंवा जाडं मीठ पसरायचं, त्यावर जाळी ठेवायची, जाळीवर केकचा डबा. वाळूमुळे आच सगळीकडून सारखी लागते आणि बूड करपत नाही, हे शास्त्र काकूंना कुणी शिकवलं नव्हतं. अडचण एकच होती. पाणी आटून कुकर फार तापला तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळावा आणि वाफेला वाट मिळावी, अशीच त्याची रचना असते. कोरड्या कुकरात केक शिरला की तो व्हॉल्व्ह इमानेइतबारे आपलं कर्तव्य बजावतो. काकांनी बदलून आणलेले व्हॉल्व्ह मोजायचे नाहीत, असा घरात करार आहे. पुढे काकूंनी झाकणाची जागा परातीला दिली. त्यानंतर झाकणाला काचेची खिडकी असलेला तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आला, आणि शेवटी ओटीजी. वाळू मात्र अजून डब्यात आहे. एकदा कामवाल्या मावशींनी ती तुळशीच्या कुंडीत घातली, तेव्हा काकूंनी ती चमच्याने परत काढली. इतकी वर्षं मुरलेली वाळू आहे, म्हणाल्या.

ओव्हनचं कौतुक करायला गेलात तर काकू आजीचं धोंडस काढतात. कोकणातला हा काकडीचा केक. तांदळाचा रवा, गूळ, किसलेली तवसं; पातेलं चुलीवर आणि झाकणावर निखारे. वरून आच, खालून आच. "म्हणजे ओटीजीच की!" असं त्या म्हणतात आणि ते खरंच आहे. गोव्याची मैत्रीण नाताळात बाथ करते, तोही रवा आणि ओल्या खोबऱ्याचा. त्यामुळे केक हा साहेबाचा पदार्थ, असं कुणी म्हटलं की काकूंना ते पटत नाही. साहेबानं फक्त मैदा घातला, असं त्यांचं मत आहे. इतिहासकारांना हे कितपत मान्य होईल सांगता येत नाही, पण धोंडस खाल्लेल्या माणसाला वाद घालावासा वाटत नाही.

शिकवायला बसल्या की काकूंचं रसायनशास्त्र ऐकण्यासारखं असतं. दही आणि खायचा सोडा म्हणजे जावा-जावा. समोरासमोर आल्या की फसफसणारच. पण ते भांडण ओव्हनमध्ये व्हायला हवं, ओट्यावर नको. म्हणून मिश्रण झालं की फोन वाजो, दार वाजो, डबा आधी आत. कार्बन डायऑक्साइड हा शब्दही न उच्चारता त्यांनी आख्खा धडा संपवलेला असतो. बेकिंग पावडर जुनी झाली का, हे बघायला चिमूटभर गरम पाण्यात टाकायची. बुडबुडे आले तर जिवंत, नाही तर सिंकमध्ये विसर्जन. आणि मैदा घातल्यावर ढवळायचं ते हलक्या हाताने. मैद्याला फार घोळसलं की त्यातलं ग्लुटेन ताणतं आणि केक चिवट होतो. "चपातीला मळा, केकला नको," एवढंच त्या सांगतात. वजनकाटा त्यांच्याकडे आहे. मुलीने आणून दिलाय. त्यावर सध्या पोस्टातली पाकिटं मोजतात. केकचं माप वाटीचंच, आणि ती वाटीही एकच, लग्नात आलेली, काठाला पोचा असलेली. पोच्यापर्यंत साखर, पोच्याच्या वर मैदा. त्यांची पाककृती दुसऱ्या कुणाला जमत नाही, याचं रहस्य त्या पोच्यात आहे, असा शेजारणींचा संशय आहे.

काकूंच्या घरात फसलेला केक नसतो. मधोमध बसला, तर त्यावर कस्टर्ड ओतून पुडिंग. कोरडा झाला, तर काप करून पुन्हा भाजून टोस्ट. करपला, तर कडा काढून टाकायच्या आणि काकांना द्यायच्या. केक मधोमध का बसतो, याचं कारणही बहुतेक वेळा काकाच असतात. "झाला का गं?" म्हणत ते ओव्हनचं दार उघडून डोकावतात, आतली गरम हवा निघून जाते, आणि अजून नीट न धरलेलं मिश्रण मान टाकतं. हे त्यांना लग्नापासून सांगितलं जातं आहे.

काकांचं घरातलं योगदान तसं कमी नाही. मैदा आणणं, चाळणं आणि शेजारी डबे पोचवणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे आहेत. 2024च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाची सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88, असं निघालं. काकांनी हे आकडे पेपरात वाचले आणि आपण सरासरीच्या वर आहोत, असं जाहीर केलं. त्यात शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून मारलेल्या गप्पा धरल्या होत्या.

आता, ही 289 मिनिटं म्हणजे सगळा व्हॅनिलाचा घमघमाट नव्हे, हेही इथे सांगायला हवं. त्यात भांडी आहेत, धुणं आहे, ओट्यावरचं तेल आहे. काकूंकडे भांड्याला बाई आहे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकांचं पेन्शन जमा होतं. त्यांचं समाधान या दोन खांबांवर उभं आहे, आणि काकूंना ते पक्कं माहीत आहे. "मला सुचतं कारण मला बसायला मिळतं," असं त्या स्वतःच म्हणतात. घरकामाचे गोडवे गाणारे पुष्कळ लोक एवढंही कबूल करत नाहीत.

2020च्या टाळेबंदीत काकूंचं दार (मास्क लावून, सहा फुटांवरून) वाजायला लागलं. दुकानांतून यीस्ट नाहीसं झालं होतं आणि घराघरांत केळी काळी पडायची वाट बघितली जात होती. काकूंनी उरलेलं यीस्ट पुड्या बांधून वाटलं. पाणी कोमट, बोट सुखाने बुडेल इतपतच. कढत पाण्यात यीस्ट मरतं. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरने उकळतं पाणी घातलंच, आणि पाव फुगला नाही म्हणून यीस्टच्या दर्जाबद्दल तक्रार केली. त्या काळात शिकलेल्या दोघी-तिघींनी पुढे खरंच धंदा सुरू केला. पेट्या छापल्या, अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी केली, फाँडंटचे गणपती आणि क्रिकेटचं मैदान करायला लागल्या. त्यांचं अडलं की काकूच धावून जातात. धंद्याला त्यांचा विरोध मुळीच नाही. फक्त तो आपण करायचा नाही.

हे पुतण्याला समजत नाही. पुतण्या एमबीए आहे. त्याने लॅपटॉपवर काकूंच्या मावा केकचा हिशेब मांडला: लोणी, खवा, वीज, पेटी. मग त्याने आपलं हुकमी पान टाकलं. "काकू, लिज्जतचं बघा. 1959 साल, गिरगाव, सात बायका आणि उसने घेतलेले 80 रुपये. आज केवढा पसारा आहे!"

"त्या सात जणींना चार पैशांची गरज होती, त्यांनी ते मान खाली न घालता मिळवले. मोठ्या बायका," काकू म्हणाल्या. "मला कशाची गरज आहे, तेवढं त्या लॅपटॉपला विचार."

"पण यात तुमच्या वेळेची किंमत धरलेलीच नाही!"

"धरू नकोस. तो विकायला काढलेला नाही."

पुतण्याने फाइल बंद केली आणि केकचा तिसरा तुकडा घेतला.

काकूंचा व्यवहार चालतो तो डब्यांवर. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा मराठी घरातला कायदा कुठल्याही राजपत्रात छापलेला नाही, पण त्याचा भंग झालेला कुणी विसरत नाही. केक गेला की कैरीचं लोणचं येतं. बिस्किटं गेली की पुरणपोळी. वसईच्या शेजारणीकडून नाताळात फराळाचं ताट येतं, तिच्याकडे दिवाळीत चिरोटे जातात. कुणाचा डबा कुणाकडे आहे याची नोंद काकूंच्या डोक्यात असते, आणि ती सोसायटीच्या हिशेबापेक्षा चोख असते. मुलीकडे न्यू जर्सीला गेल्या तेव्हाही त्यांनी हेच सुरू केलं. तिथे घरात भलाथोरला ओव्हन होता, पण तो उघडला तर आत कढया, तवे आणि इडलीपात्र. तिथल्या कित्येक मराठी घरांत ओव्हन हे भांड्यांचं कपाट असतं. काकूंनी सगळं बाहेर काढलं. जावयाला पहिल्यांदा कळलं की ते यंत्र चालतं.

मागच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं. काकूंनी रीतीप्रमाणे गव्हाच्या पिठाचा गुळाचा केक पाठवला. संध्याकाळी काकांच्या फोनवर पाचशे रुपये आले. खाली लिहिलं होतं, 'केकबद्दल थँक्स'. काकू रात्रभर गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी काकांना पैसे परत पाठवायला बसवलं. त्यांनी ते चुकून आधी दूधवाल्याला पाठवले, मग त्या जोडप्यातल्या मुलीला. ती धावत वर आली, ओशाळली, माफी मागू लागली. काकूंनी तिला आत बसवलं, चहा दिला आणि डबा परत करायचा कायदा समजावून सांगितला.

चार दिवसांनी डबा आला. आत शेंगदाण्याची चटणी होती. काकूंनी बोटावर घेऊन चाखली, क्षणभर विचार केला आणि काकांना म्हणाल्या, "लसूण जरा जास्तच झालाय. सोलापूरची दिसते. तिला रविवारी बोलवा, चाळणी घेऊन ये म्हणावं."