रेडिओहेडचे वतन सांभाळण्याची रीत

एखाद्या बँडवर प्रेम जडणे ही गोष्ट मुळीच अवघड नाही. सतराव्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली असता आणि घरातील वडीलधारी मंडळी आपल्याला समजून घेण्यास सर्वथैव असमर्थ आहेत अशी बालंबाल खात्री झालेली असता, ते कोणावरही जडते. अवघड आहे ते हेच प्रेम पुढील तीस वर्षे, डोक्यावरचे केस विरळ होऊन घराच्या कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावरही, पूर्वीच्याच तीव्रतेने आणि पूर्वीपेक्षा चढ्या कटकटीने चालू ठेवणे. या विद्येचे रीतसर शिक्षण कोठेच मिळत नसल्यामुळे कितीतरी होतकरू उपासक ऐन चाळिशीत वाट चुकून शेअरबाजाराकडे किंवा मॅरेथॉनकडे वळतात. ही हानी टळावी एवढ्याच हेतूने पुढील सूचना लिहिल्या आहेत. उदाहरणादाखल इंग्लंडचा रेडिओहेड हा बँड घेतला, याचे कारण इतकेच की, या मंडळींनी आपल्या उपासकांना इतके थोडे, इतक्या उशिरा आणि इतक्या आडवळणाने दिले आहे की, निष्ठेच्या अभ्यासकाला याहून सुपीक क्षेत्र मिळणे दुरापास्त आहे.

आरंभीच एक तत्त्व मनाशी पक्के करावे. बँड हा त्यातील वादकांचा असतो ही समजूत निव्वळ अज्ञानमूलक आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील एकाच शाळेतल्या पाच मुलांनी १९८५ साली तो काढला. शुक्रवारी तालीम होई म्हणून प्रथम त्याचे नावही शुक्रवारावरूनच पडले. १९९१ मध्ये ईएमआय कंपनीशी करार झाल्यावर टॉकिंग हेड्स या बँडच्या एका गाण्याच्या नावावरून सध्याचे नाव घेतले. आणि थॉम यॉर्क, कॉलिन व जॉनी हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिलिप सेल्वे हे पाचही जण आजतागायत एकत्र आहेत. ही सर्व माहिती दफ्तरी असावी, पण तिच्यामुळे मालकीच्या प्रश्नावर काडीचाही परिणाम होत नाही. वतन उपासकाचे आहे; वादक ही केवळ कुळे. कुळांनी जमीन कसावी, पीक काढावे आणि काय पेरले व का पेरले याचा जाब वतनदाराला द्यावा. कसेल त्याची जमीन हा कायदा या महालात लागू नाही.

वतन म्हटले की सनद आली. उपासकाची सनद म्हणजे त्याने हा बँड प्रथम कधी ऐकला त्याची मिती. १९९५ साली ‘द बेंड्स’ ऐकलेला मनुष्य हा पहिल्या प्रतीचा. १९९७ चा ‘ओके कॉम्प्युटर’ ऐकून आलेला सन्माननीय खरा, पण त्या वर्षी सगळेच आले असल्याने त्याची सनद जरा तपासून घ्यावी. २००७ नंतर आलेल्यांना ओसरीवर बसू द्यावे. मिती मागे नेण्यास शास्त्राची आडकाठी नाही. मुंबईच्या उपासकाने या कामी काळा घोड्याजवळील ऱ्हिदम हाउस या दुकानाचा दाखला द्यावा, कारण ते २०१६ मध्येच बंद झाले असल्यामुळे तेथे जाऊन कोणालाही चौकशी करता येत नाही.

यानंतर तिरस्काराचा विषय येतो, आणि तो प्रेमाहून महत्त्वाचा आहे. ज्या गाण्याने या बँडला जगभर नाव दिले त्या ‘क्रीप’चा उपासकाने चारचौघांत मनःपूर्वक तिटकारा केला पाहिजे. १९९२ साली निघालेल्या या गाण्याला इंग्लंडात प्रथम कोणी फारसे विचारले नाही. मग ते इस्रायलमध्ये, त्यानंतर अमेरिकेत गाजले आणि १९९३ मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर मायदेशी मान्यता पावले. चाल ‘द एअर दॅट आय ब्रीद’ या जुन्या गाण्याशी मिळतीजुळती निघाल्यामुळे त्याच्या दोघा रचनाकारांची नावेही श्रेयात घालावी लागली. या गाण्यात पहिले कडवे संथपणे संपत आलेले असताना, ध्रुपदाच्या अगदी उंबरठ्यावर, गिटारीवर कर्कश असे आघात होतात. गाणे फारच मिळमिळीत होत चालले आहे असे वाटून जॉनी ग्रीनवुड यांनी ते हाणले, अशी कथा बँडमधूनच सांगितली जाते. म्हणजे गाण्याची खोडी काढण्याचा प्रयत्न हाच गाण्याचा प्राण ठरला. हे आघात नेमके कोठे येतात ते उपासकास झोपेतही सांगता आले पाहिजे, आणि गाणे मात्र आपण वर्षानुवर्षे ऐकलेले नाही असेही सांगता आले पाहिजे. खुद्द वादकांनीही ते पुष्कळ वर्षे वर्ज्य केले होते. परंतु २००९ साली रीडिंगच्या महोत्सवात कार्यक्रमाचा आरंभच त्यांनी या गाण्याने केला. असा प्रसंग गुदरल्यास चेहऱ्यावर क्षमाशील भाव आणून उभे राहावे आणि ओठ हलू देऊ नयेत. घरी, दारे-खिडक्या लावून, काय करावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे.

आता या विद्येचा गाभा, म्हणजे प्रतीक्षा. सामान्य मनुष्याला वाटते की बँडने गाणे करावे आणि श्रोत्याने ते ऐकावे. ‘ट्रू लव्ह वेट्स’ या गाण्याची कैफियत ऐकली म्हणजे ही भोळी समजूत गळून पडते. १९९५ च्या डिसेंबरात ब्रुसेल्सच्या कार्यक्रमात यॉर्क यांनी ते गायले. तेव्हापासून उपासकांनी त्याची हलक्या प्रतीची ध्वनिमुद्रणे, ज्यांत गाण्याइतकाच शेजारच्या प्रेक्षकाचा खोकला स्पष्ट असे, एकमेकांच्या हवाली केली. २००१ मध्ये एकट्या गिटारीवर गायलेले एक थेट मुद्रण ‘आय माइट बी राँग’ या छोट्या संग्रहात आले, आणि स्टुडिओतील अधिकृत रूप ‘अ मून शेप्ड पूल’ या अल्बमच्या शेवटी २०१६ साली अवतरले. मधे वीस वर्षांहून अधिक काळ गेला; तेवढ्यात उपासकांची मुले कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली. आणि अवतरले तेही कसे, तर गिटार पार नाहीशी झालेली, तिच्या जागी पियानोचे विरलेले, एकमेकांच्या पावलात पाऊल न टाकणारे सूर. माझ्या मते ते रूप अतुलनीय आहे आणि तरुणपणीची याचना वार्धक्याच्या उंबरठ्यावर कशी ऐकू येईल हे त्यात जसे उतरले आहे तसे अन्यत्र क्वचितच उतरले असेल. परंतु हे माझे खाजगी मत झाले. उपासकाचे प्रथम कर्तव्य म्हणजे ‘जुनेच बरे होते’ असे त्याच रात्री जाहीर करणे. ‘न्यूड’ हे गाणे ‘ओके कॉम्प्युटर’च्या काळापासून रेंगाळत २००७ मध्ये आले तेव्हाही हेच करावयाचे होते, आणि १९९६ मध्ये रंगमंचावर गायलेले ‘लिफ्ट’ अखेर २०१७ साली निघाले तेव्हा, इतकी वर्षे तगादा लावून मिळवलेल्या गाण्याचे मुद्रण भलतेच निवडले, अशी तक्रार ज्यांनी केली त्यांच्यापासून नवशिक्यांनी धडा घ्यावा. पावती देणे हे कुळाचे मन बिघडवणारे असते.

संशोधनाची सवय लावून घेण्यास २००० सालच्या ऑक्टोबरात निघालेला ‘किड ए’ हा अल्बम उत्तम. या मंडळींनी गिटारी बहुतांशी बाजूस सारून यंत्रांचा आश्रय केला, एकही गाणे सुटे प्रकाशित केले नाही, आणि तरीही अल्बम इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत प्रथम क्रमांकावर गेला. कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये या प्रकाराविषयी नाराजी नोंदवली, असली तबकडी पुनःपुन्हा ऐकून पचवण्याची सवड सोळा वर्षांच्या मुलालाच असते, अशा आशयाचा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप उपासकाने प्रशस्तिपत्र म्हणून जपून ठेवावा. शिवाय या अल्बमच्या आरंभीच्या प्रतींत, तबकडी ज्या प्लास्टिकच्या खणात बसते त्या खणाखाली एक पुस्तिका लपवलेली होती. ती काढण्याची रीत अशी: तबकडी काढून स्वच्छ कापडावर पालथी न घालता ठेवावी, खणाच्या कडेशी, बिजागरीच्या बाजूने, अंगठ्याचे नख घालून हळूहळू उचकटावे, मधल्या चक्राचे बारीक दाते हाताखाली दाबले जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी, कारण त्यांतला एक जरी मोडला तरी तबकडी जन्मभर डब्यात खुळखुळत राहते. पुस्तिका हाती आल्यावर तिचा अर्थ लागत नाही, याने निराश होऊ नये. ज्यांनी प्रत चार वर्षे वापरून नंतर हे ऐकले आणि मध्यरात्री कपाटाकडे धाव घेतली, त्यांच्याइतके सुखी लोक मी पाहिलेले नाहीत.

येथून अंकशास्त्राकडे जाण्यास एकच पायरी उरते. ‘ओके कॉम्प्युटर’ निघाला १९९७ मध्ये, ‘इन रेनबोज’ निघाला बरोबर दहा वर्षांनी, दहाव्या महिन्याच्या दहा तारखेला, घोषणा झाली दहा दिवस आधी, गाणीही दहा, आणि दोन्ही नावांत रोमन अक्षरे मोजली तर तीही दहा-दहाच. यावरून, दोन्ही अल्बमांतील गाणी एकाआड एक लावून ऐकल्यास तिसराच, गुप्त अल्बम प्रकट होतो असा सिद्धांत उपासकांनी मांडला. वादकांनी यास दुजोरा दिल्याचे कोठे आढळत नाही, पण कुळांची साक्ष या दाव्यात ग्राह्य नाहीच. त्याच ‘इन रेनबोज’ची किंमत ठरवण्याचे काम त्यांनी ग्राहकावर सोपवले होते: खरेदीच्या जागी एक रिकामा चौकोन होता, आणि किती भरावे असे विचारले की तुमचे तुम्ही ठरवा असा जबाब येई. कार्डाने रक्कम भरणाऱ्यास वर पंचेचाळीस पेन्स हशील होते. आपण त्या चौकोनात कोणता आकडा लिहिला हे उपासकाने कधीही उघड करू नये. विचारल्यास ‘योग्य तो’ इतकेच म्हणावे.

दफ्तराची व्यवस्था कशी राखावी याचा वस्तुपाठ २०१९ च्या जून महिन्यात मिळाला. यॉर्क यांच्या जुन्या मिनिडिस्कांचा साठा कोणीतरी चोरला. दीड लाख डॉलर मागितल्याची वार्ता असल्याचे जॉनी ग्रीनवुड यांनी जाहीर केले. आणि खंडणी देण्याऐवजी बँडने त्या अठराही तबकड्यांवरील मुद्रणे अठरा पौंडांना विक्रीस काढून उत्पन्न पर्यावरणाच्या चळवळीला देऊन टाकले. तासन्‌तास चालणाऱ्या त्या मुद्रणांत अर्धवट चाली, तालमी आणि नुसती खरखर होती. उपासकांनी त्याची मिनिटवार यादी तयार केली. पगारी कारकुनाकडून असे काम करून घेणे कोणत्याही सरकारास साधलेले नाही.

आपल्याकडील उपासकाच्या पदरी एक खास गाऱ्हाणे आहे, ते त्याने वाया दवडू नये. २०१५ साली जॉनी ग्रीनवुड जोधपूरला आले, मेहरानगडच्या किल्ल्यात संगीतकार शाय बेन त्सूर व राजस्थानी वादक-गायकांसह त्यांनी ‘जुनून’ हा अल्बम मुद्रित केला आणि दिग्दर्शक पॉल टॉमस अँडरसन यांनी त्याचा चित्रपटही केला. इतके सगळे होऊन पुण्याला साधी वर्दी नाही. वतनदाराने हा विषय दरवर्षी एकदा तरी काढावा.

नवागतांशी कसे वागावे, हा प्रश्न अलीकडे निकडीचा झाला आहे. ‘ओके कॉम्प्युटर’मधील ‘लेट डाउन’ हे गाणे, ज्यातील गिटारीचा पदर उरलेल्या वाद्यांहून निराळ्या मात्रांत फिरत राहतो आणि तरी अंती सर्वांना येऊन मिळतो, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर अठ्ठावीस वर्षांनी, टिकटॉकवरील पोरासोरांच्या कृपेने अमेरिकेच्या पहिल्या शंभर गाण्यांत शिरले. पोरांनी त्यावर अश्रू ढाळलेले पाहून अनुभवी उपासकाचा संताप अनावर होणे स्वाभाविक आहे, कारण त्या गाण्यावर रडण्याचा मक्ता १९९७ पासून त्याच्याकडे होता. तथापि पोर घरातलेच निघाले तर सबुरीने घ्यावे. त्याला मात्रांचे गणित समजावून सांगण्यास बसावे. तीन-चार मिनिटांत ते आपण होऊन उठून जाते.

राहता राहिली प्रत्यक्ष दर्शनाची गोष्ट. २०१८ नंतर सात वर्षे मौन पाळून मंडळी २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन व बर्लिन अशा पाच शहरी, प्रत्येकी चार, याप्रमाणे वीस कार्यक्रमांसाठी बाहेर पडली. तिकिटासाठी आधी नावनोंदणी, मग संकेतक्रमांक आणि मग रांग, असा तिहेरी जाबता होता. रंगमंच सभागृहाच्या मधोमध, आणि गाण्यांची यादी दर रात्री निराळी. म्हणजे कोणत्याही रात्री गेले तरी आपल्याला हवे होते ते आदल्या रात्री होऊन गेले, असे म्हणण्याची सोय झाली. यॉर्क यांच्या घशाला संसर्ग झाल्याने कोपनहेगनचे पहिले दोन कार्यक्रम १ व २ डिसेंबरवरून १५ व १६ डिसेंबरवर गेले. असा प्रसंग परदेशी नोकरीस असलेल्या मराठी उपासकावर आल्यास त्याने मंजूर झालेली रजा परत करून नवी मागावी लागते, आणि वरिष्ठ कारण विचारतात. अर्जात ‘घशाचा विकार’ असे लिहावे. तो कोणाच्या घशाला झाला आहे, हा रकाना छापील नमुन्यात नसतो.