माफी देऊन झालीसुद्धा!

घुसखोरांना माफी द्यायची की हाकलून लावायचं? वाद जोरात आहे. टीव्हीवर आहे, एसटीत आहे, आमच्या जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाच्या पारावरही आहे. एक बाजू कायदा दाखवते, दुसरी माणुसकी. दोन्ही बाजू घसा कोरडा होईपर्यंत भांडतात आणि एक साधी गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते.

माफी कधीचीच देऊन झाली आहे. फक्त ती भलत्याच माणसांना मिळाली आहे.

बांगलादेशातून चोरून आलेला माणूस एकट्याच्या हिमतीवर पुणे जिल्ह्यात पोहोचत नाही. त्याला सीमा ओलांडून देणारा दलाल असतो. इथे उतरवून घेणारा मुकादम असतो. खोटे कागद करून देणारा असतो. खोली भाड्याने देणारा असतो. चालू रोजापेक्षा कमी पैशांत राबवून घेणारा मालक असतो. एवढी सगळी साखळी. आणि पोलिसांची गाडी येते तेव्हा आत कोण बसतं?

बहुतेक वेळा साखळीतलं शेवटचं टोक.

फार लांब जायला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये रांजणगाव औद्योगिक वसाहतीजवळच्या कारेगावात २१ बांगलादेशी नागरिक पकडले गेले. हे गाव शिरूरमधलं, म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्यातलं. बातमीत २१ हा आकडा ठळक होता. पण २१ माणसं एका गावात राहतात, याचा अर्थ २१ माणसांचं भाडं दर महिन्याला कुणीतरी मोजून घेतं. त्यांना कामावर कुणीतरी ठेवतं. भाडं घेणारे, कामावर ठेवणारे मथळ्यात का नसतात?

आता आपल्या बांधावर या.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात पाणी फिरलं. निमगाव सावा, साकोरी, मंगरूळ, पारगाव इथे ऊस आला, कांदा आला, बराख्या उभ्या राहिल्या. पोरं शिकली आणि चाकणला, पुण्याला नोकरीला लागली. चांगलंच झालं. पण वाफ्यात वाकायला कोण उरलं?

बाहेरून आलेला मजूर. त्याच्यावाचून आपला कांदा जमिनीत जात नाही आणि जमिनीतून बाहेरही येत नाही.

लागवडीच्या दिवसांत सकाळी पिकअप येऊन थांबते. मागे दाटीवाटीने बाया-माणसं, पुढे मुकादम. बोलणं होतं ते असं: एकरी उक्तं किती, रोप कोण उपटणार, किती दिवसांत उरकणार. व्यवहार ठरला की टोळी वाफ्यात. बियाण्याच्या पुड्यावरचा लॉट नंबर आपण जपून ठेवतो, उद्या उगवण झाली नाही तर तक्रार करता यावी म्हणून. रोप लावणाऱ्या माणसाचं नाव मात्र कुणी विचारत नाही.

यातल्या बहुतेक टोळ्या आपल्याच. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या, अकोले तालुक्यातल्या. ऊसतोडीला बीड-अहिल्यानगरची माणसं. वीटभट्टीवर, बांधकामावर बिहार, झारखंड, बंगालची. तीही आपल्याच देशाची, कुठेही जाऊन काम करण्याचा पूर्ण हक्क असलेली. हॉटेलातला नेपाळी पोरगासुद्धा १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे कायदेशीरपणे राहतो. म्हणजे परका दिसला की घुसखोर, हे गणित मुळातच चुकीचं.

आणि नावच विचारायचं नाही, हे गणितही तितकंच चुकीचं.

चोरून आलेला मजूर मालकाला का परवडतो? तो जास्त काम करतो म्हणून नाही. तो तक्रार करू शकत नाही म्हणून. पैसे बुडवले तर तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. बोट तुटलं तर भरपाई मागत नाही. त्याची भीती हेच मालकाचं भांडवल. त्याच्या भीतीमुळे रोजाचा दर पडतो आणि मग त्याच पडलेल्या दरावर आपल्या ठाकर, महादेव कोळी बाईलाही राबावं लागतं.

घुसखोरीची खरी किंमत ती मोजते. चर्चेत तिला बोलावलंय कुणी?

सरकारी आकड्यांची तर गंमत वाटत नाही, चीड येते. जुलै २००४ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की देशात १ कोटी २० लाख ५३ हजार ९५० बेकायदा बांगलादेशी आहेत. शेवटच्या पन्नासापर्यंत मोजलेले! काही दिवसांतच खुलासा आला की हा आकडा ऐकीव माहितीवरचा होता. २०१६ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने सुमारे २ कोटी सांगितले. सरकारं बदलली, मोजदाद काही झाली नाही.

जिथे मोजदाद झाली तिथे काय झालं? आसामात. ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली. ज्यांनी यादीचा आग्रह धरला तेच यादीवर नाराज झाले. त्या १९ लाखांचं पुढे काय, याचं उत्तर आजही अधांतरी आहे.

आपल्याकडे माफी शब्दाचं सोवळं फार. पण तारखांची माफी आपण सर्रास देतो. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने १९६६ च्या आधी आलेल्यांना सामावून घेतलं, २४ मार्च १९७१ पर्यंतच्यांना दहा वर्षं मतदार यादीबाहेर ठेवून नंतर सामावून घ्यायचं ठरलं, आणि त्यानंतरच्यांना बाहेर काढायचं ठरलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही व्यवस्था वैध ठरवली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन शेजारी देशांतल्या मुस्लिमेतर अल्पसंख्याकांसाठी ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख ठरवली. केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने त्यांच्यातल्या ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना शिक्षेपासून सूट दिली.

छळ होऊन आलेल्याला आसरा द्यावा, यात वाद नाही. पण छळ धर्म विचारून होत असला तरी आसरा धर्म विचारून द्यायचा का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि तारीख एकदा सरकली की ती पुन्हा सरकते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का?

गुंठेवारी आठवा. २००१ च्या नियमितीकरणाच्या कायद्यात १ जानेवारी २००१ ची मर्यादा होती. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० झाली. मुंबईच्या झोपड्यांचं तेच: आधी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. मुदत वाढणार हे ज्याला ठाऊक असतं, तो मुदतीला भीत नाही. आणि मुदतवाढीत गरीब पुढे दिसतो, मलिदा मागचा खातो.

अमेरिकेने तर हा माफीचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. बदल्यात बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकांना शिक्षा व्हायची होती. माफी लगेच मिळाली. शिक्षेचं काय झालं? कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला. आज तिथे बेकायदा राहणाऱ्यांची संख्या १ कोटीच्या वर आहे.

माफीने फसवलं नाही. मालकाला सोडून दिल्याने फसवलं.

याच अमेरिकेने ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमान भरून १०४ भारतीय अमृतसरला आणून उतरवले. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्राचे तिघे होते. तेव्हा आपल्याला राग आला, आणि यायलाच हवा होता. एजंटांनी लाखो रुपये घेऊन फसवलं म्हणून आपण हळहळलो. मग कारेगावात सापडलेला माणूस कोणाच्या हातून आला होता? तिकडे आपला पोरगा फसवला गेलेला आणि इकडे दुसऱ्याचा पोरगा कारस्थानी, असे दोन तराजू किती दिवस वापरणार?

आखाताकडून मात्र शिकण्यासारखं आहे. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी सवलत दिली. व्हिसा संपूनही राहिलेल्यांनी दंड न भरता कागद नीट करावेत किंवा मायदेशी जावं. आणि त्याच सुमारास परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या मालकाचा दंड १ लाख ते १० लाख दिरहॅम केला. मजुराला वाट, मालकाला दट्ट्या.

आपण नेमकं उलटं करतो.

आणि घाईत करतो तेव्हा तर आपल्याच माणसाला हद्दपार करतो. जून २०२५ मध्ये मीरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचा एक गवंडी बांगलादेशी समजून उचलला गेला आणि सीमेपलीकडे ढकलला गेला. तो भारतीय निघाला. त्याला परत आणावं लागलं. ही पहिली वेळ नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी बंगाली बोलणाऱ्या जरी कारागिरांना कुर्ला-हावडा गाडीत बसवून रवाना केलं, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवून नेलं. ही आमची माणसं, असं त्यांचं म्हणणं. सत्तावीस वर्षांत आपण माणूस ओळखायची पद्धत बसवू शकलो नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कागदाचं म्हणाल तर आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं २०१६ चा आधार कायदाच सांगतो. तरी आपण आधारची झेरॉक्स घेतली की निर्धास्त होतो. जन्माच्या उशिरा दिलेल्या दाखल्यांवरून २०२५ च्या सुरुवातीला मालेगावात विशेष तपास पथक नेमावं लागलं. दाखला काही आपोआप छापला जात नाही. त्यावर सही असते, शिक्का असतो. त्या सहीमागचा हात शोधल्याशिवाय तपास पुरा कसा म्हणायचा?

कायदा नाही असं तर मुळीच नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरणाऱ्याला किंवा पुरवणाऱ्याला दोन ते सात वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. पुरवणाऱ्यालासुद्धा! हे कलम खऱ्या अर्थाने दलालाच्या दारात जाईल त्या दिवशी अर्धी घुसखोरी थांबेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरसकट माफी नको. ती पुढच्या दलालासाठी जाहिरात ठरते. सरसकट हाकलाहाकलीही नको. तिच्यात मुर्शिदाबादचा गवंडी भरडला जातो. प्रत्येकाची सुनावणी व्हावी, ठरलेल्या मुदतीत व्हावी, आणि नागरिकत्वाचा निकाल लागेपर्यंत कुणालाही रात्रीच्या अंधारात सीमेवर नेऊ नये.

आणि सवलत द्यायचीच असेल तर ती बोलणाऱ्याला द्या. माफीचा साक्षीदार ही सोय आपल्या फौजदारी कायद्यात जुनीच आहे. फसवून आणलेल्या बाईने दलालाचं नाव सांगितलं, मजुराने मुकादमाचं, कागद करून देणाऱ्याचं नाव सांगितलं, तर त्याला शिक्षेत सूट आणि सन्मानाने परत जायची वाट मिळावी. आज तो तोंड उघडत नाही, कारण उघडून त्याला काही मिळत नाही. दलालाला याची पक्की खात्री आहे.

गावाने काय करायचं? चौकशी नको, कुणाला हटकणं नको, भाषा ऐकून कुणाला मारहाण तर मुळीच नको. ते पोलिसांचं काम. गावाचं काम साधं: येत्या ग्रामसभेत विषय घ्या. ज्याने खोली भाड्याने दिली, त्याने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. ज्याने टोळी लावली, त्याने मुकादमाचं नाव, गाव, फोन वहीत लिहावा. पोलीस पाटलाकडे ती वही दर हंगामाला जावी. आणि मजूर कुठलाही असो, रोज सगळ्यांना सारखा. कमी पैशांत राबणारा माणूसच मिळत नाही म्हटल्यावर चोरून माणूस आणण्याचा धंदा कोण करील?

हे सगळं आपल्या हातात आहे. दिल्लीच्या परवानगीची गरज नाही, नव्या कायद्याचीही नाही. घुसखोराला माफी द्यायची की नाही ते दिल्ली ठरवील. दलालाला, मुकादमाला आणि मालकाला मिळत असलेली माफी बंद करायची की नाही, हे निमगाव सावाच्या ग्रामसभेने ठरवायचं आहे. हात वर करा.