गव्हाणीत वॉश बेसिन
राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले ते शेतीला जोडधंदा म्हणून. आता मूळ धंदा कुठला आणि जोड कुठली, हे नूतनीकरण झालेल्या कुठल्याही गोठ्यात शिरले की कळते. गोमूत्र वाहून जावे म्हणून जमिनीला दिलेला उतार फरशीखाली गाडला जातो, दावणीच्या खुंट्यांवर टॉवेल वाळतात, गव्हाणीत वॉश बेसिन बसते. सारवलेल्या भिंती मात्र हव्यातच. त्या शेणाच्या रंगात ऑइलपेंटने रंगवतात, कारण खऱ्या शेणाला वास येतो आणि पाहुणा काही वासाचे पैसे भरत नाही.

यावर उत्तर तयार असते. दुधाच्या दरातून चाऱ्याचा खर्च निघत नाही, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. मग रिकामा गोठा पडू देण्यापेक्षा त्यात माणसे झोपली तर बिघडले काय? काहीच नाही. शहरी हौसेखातर शेतकऱ्याने तोट्यात गुरे सांभाळावीत, असे म्हणणे हा शुद्ध चावटपणा. पण मग पाटीवर सरळ 'लॉज' लिहावे. चुलीवरची भाकरी, हुरडा, बैलगाडीची फेरी हे सारे खपते ते मागे शेती चालू आहे या भरवशावर. म्हणून तर एक गाय ठेवावीच लागते, सेल्फीपुरती. तिच्या जागेत एसी असल्याने ती पार्किंगच्या पत्र्याखाली रवंथ करते, आणि पाहुण्यांच्या चहाला दुधाची पिशवी तालुक्याहून येते.