आठशे कुटुंबांची आळी

2021 साली पुणे महापालिकेत जी 23 गावं आली, त्यांतलंच आमचं एक. गाव आत आलं, पाणी वेशीबाहेरच राहिलं. नळासाठी अर्ज करायचा तर आळीत कुटुंबं किती ते लिहावं लागणार होतं. हाताशी जनगणना 2011ची. तेव्हा इथे ज्वारी होती.

"दारं मोज की," आई म्हणाली. पण गुंठेवारीतली घरं ही. नंबर नाहीत, एका दाराआड तीन भाडेकरू, आणि दोन दारांचं एकच घर. शिवाय मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. दारं काय कुणीही मोजेल!

दोन अर्धवट याद्यांवरून पूर्ण आकडा काढायची एक पद्धत आहे. पहिल्या यादीतली नावं गुणिले दुसरीतली, भागिले दोन्हींत सापडलेली. 1949 साली चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी हीच युक्ती बंगालातल्या सिंगूरच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींना लावली होती. सरकारी नोंदवही एकीकडे, घरोघर फिरून केलेली यादी दुसरीकडे.

माझ्याकडे टँकरच्या वर्गणीची वही होती, 80 नावं. दुसरी दूधवाल्याची, 60. रात्री लॅपटॉपवर जुळवली. जुळली 6. ऐंशी गुणिले साठ भागिले सहा, 800 कुटुंबं! छाती फुगली. दोन्ही वह्यांतून निसटलेले इतके लोक केवळ गणिताने हुडकले होते. अर्जावर मीच झोकात सही ठोकली.

साहेबांनी अर्ज वाचला. "सध्या पाणी?"

"रोज एक टँकर. दहा हजार लिटर."

"म्हणजे घरटी साडेबारा लिटर." त्यांनी चष्मा काढला. "शहरात माणशी 135 धरतात. तुमची माणसं जिवंत आहेत ना?"

घरी आलो, तर आईने दूधवाल्याची वही उघडली होती. तिच्यात होतं: 'कुत्रेवाले, दीड लि.', 'मास्तरीण', 'लाल गाडी', 'गॅलरीत तुळस'.

"कुत्रेवाले म्हणजे कुलकर्णी," आई म्हणाली. "मास्तरीण ही पवारांची सून. लाल गाडी शेख." चहा गार व्हायच्या आत 6चे 48 झाले. भागाकार केला, आळी 100 कुटुंबांवर आली. नावं जुळवण्यात चूक झाली की खालचा आकडा घटतो आणि उत्तर फुगतं, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलेलं आहे.

अब्रू वाचवायला म्हटलं, "पण बघ, दोन्ही वह्या मिळून कुटुंबं भरतात 92. म्हणजे आठ अशी, की जी कुठेच नाहीत. खरं तर जास्तच असतील. जो टँकरचे पैसे देत नाही तो दूधही उधारीच्या भीतीने दुकानातून पिशवीच आणतो, आणि याद्या अशा एकमेकींशी बांधलेल्या असल्या की आकडा कमी येतो."

आईने फ्रीज उघडून पिशवी ओट्यावर ठेवली.

"टँकरची वर्गणी तू कधीपासून भरली नाहीस?"